हाताने रचावे, मग आकड्यांत मांडावे
(पालक-मेळाव्यातील भाषण)



आपली मुले गणितात मागे पडतात, विज्ञान शाखेकडे वळत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी करतो व तिचे मूळ आठवी-नववीत शोधतो. माझे नम्र मत असे, की ते मूळ मुलाच्या चौथ्या-पाचव्या वर्षात आहे. त्या वयात मूल काड्यापेट्या रचत बसले की आपण म्हणतो, "खेळ पुरे, पाढे म्हण." पाढे हवेतच. परंतु बे दुणे चार म्हणजे दोन-दोन वस्तूंचे दोन ढीग, हे हाताला कळले नाही, तर जिभेवरचा पाढा परीक्षेपुरताच टिकतो.

हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली बालशिक्षणाची संस्था काढली, तिच्यात लाकडी ठोकळे हेच मुलांचे पुस्तक होते. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. त्यांच्या प्रसिद्ध मनोऱ्यात दहा घन असतात. सर्वांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १०. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. तेव्हा पैसा नाही ही सबब आपल्याला पुरणार नाही.

घरी काय करता येईल? सुताराकडून सारख्या मापाचे लाकडी घन कापून आणा. मुलाला म्हणा, "याच्या दुप्पट बाजूचा घन रच." दोन किंवा चार पुरतील, असे त्याला वाटेल, लागतील आठ. तिप्पट बाजूला सत्तावीस. घनमूळ पुढे शिकेल, त्याची ओळख आज होईल.

दुसरा खेळ काड्यांचा. गुल काढून टाकलेल्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे घ्या. चार काड्यांचा चौकोन जोडला की तो कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. चौकोनात तिरकी काडी बसवली की तोही ताठ राहतो. छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोण का असतात, ते येथे कळते. मात्र ही तिरकी काडी बाकीच्यांएवढी घेतली तर आखूड पडते! झाडूचा हीर मापून कापावा लागतो. का, याचे उत्तर त्याला पुढे पायथागोरसच्या प्रमेयात मिळेल. पण प्रश्न त्याचा स्वतःचा असेल. (तीन वर्षांखालील मुलाच्या हाती बारीक तुकडे देऊ नयेत.)

काही पालक म्हणतात, "सर, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार?" बंधूंनो, ज्या गवंड्याच्या हाती ओळंबा व गुण्या आहे, जो तीन, चार, पाच फुटांच्या मापाने काटकोन तपासतो, त्याच्यापाशी भूमिती आहे. ओळंबा मुलाच्या हाती द्या. मातांनो, चपातीचे चार समान भाग मुलालाच करू द्या. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यातील वर्गसमीकरणे त्यांनी चौरसाला पट्ट्या जोडून समजावली. एवढा विद्वानही आकृती रचूनच बोलला!

दोन गोष्टी सांभाळा. मनोरा पडला तर लगेच उभा करून देऊ नका, "कोणत्या बाजूला कलला होता?" एवढेच विचारा. आणि भाऊ ठोकळे रचतो व बहीण भांडी घासते, असे होऊ देऊ नका. तिच्या हातालाही तीच सवय हवी, नाहीतर पुढे "मुलींना गणित जमत नाही" हे आपणच म्हणू.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला व त्यात खेळातून शिक्षणावर भर दिला. पण धोरण घरात येऊन जमिनीवर बसत नाही. ते अब्बांनी व अम्मींनीच बसायचे असते. रोज अर्धा तास पुरे. संस्थेलाही विनंती, की प्रत्येक बालवर्गात ठोकळ्यांची एक पेटी ठेवावी, आणि ती कपाटात कुलूपबंद राहू नये.