नोंदवहीत काय लिहावे, काय वगळावे

जयपूरच्या जंतरमंतरातील 27 मीटर उंच सम्राट यंत्राच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ वाचता येते. ती वेळ मात्र जयपूरची स्वतःची. भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी 27 मिनिटे मागे. अचूक, पण इतरांशी न जुळणारी! संकेतस्थळ चालविणाऱ्या सर्व्हरांचेही असेच असते. त्यांची घड्याळे जुळली नाहीत, तर घुसखोर आधी कोठे शिरला हे नोंदींवरून, म्हणजे लॉगवरून, ठरवता येत नाही. म्हणूनच सर्ट-इन या सरकारी संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत घड्याळे जुळविणे आणि लॉग 180 दिवस सुरक्षित राखणे बंधनकारक केले.

लॉग त्याच सर्व्हरवर ठेवला, तर घुसखोर प्रथम तोच पुसतो. तो वेगळ्या यंत्रावर, केवळ भर घालता येईल असा असावा.

काय लिहू नये, हा प्रश्न अधिक गंभीर. 2018 मध्ये ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेल्याचे आढळले. सुमारे 33 कोटी वापरकर्त्यांना ते बदलण्यास सांगावे लागले. प्रवेश कोणी, केव्हा, कोठून मागितला आणि मिळाला की नाही, इतके लॉगला पुरे. पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक तेथे कदापि नकोत.