खाण संपली म्हणजे काय?



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, साहित्य, आरोग्य हे विषय ठरलेले असतात. यंदा खडीवर बोलायला माणूस बोलावला, त्याबद्दल आयोजकांच्या धाडसाला दाद दिली पाहिजे. तसे पाहिले तर काँक्रीटचा साधारण पाऊण भाग खडी आणि वाळूचाच असतो. जाहिरात मात्र सिमेंटची होते.

चालू असलेली खाण आणखी काही वर्षे कशी चालवता येईल, हा आजचा विषय. खाणीशेजारच्या गावातून कोणी आले असेल तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्या रास्त आहेत. धूळ त्यांच्या पिकावर बसते, सुरुंगाचे हादरे त्यांच्या भिंतींना बसतात. पण एक खाण बंद झाली म्हणून कोणी घर बांधायचे थांबत नाही. लगेच दुसरा डोंगर फोडायला घेतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जो डोंगर फोडलाच आहे त्यातला दगड वाया न घालवता काढावा आणि नव्या डोंगराला हात लावणे लांबवावे.

‘खाण संपली’ असे सांगतात तेव्हा पुष्कळदा दगड शिल्लक असतो. कुठे मुरमाचे ढीग चुकीच्या जागी टाकल्याने वाट बुजलेली असते, कुठे कडा इतका सरळ तोडलेला असतो की खाली माणूस उतरवायची सोय राहत नाही. थोडा हिशेब करू.

एक हेक्टरची चौकोनी खाण घ्या, म्हणजे १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद. खोली ३० मीटर. भिंती सरळ उभ्या तोडल्या तर ३ लाख घनमीटर दगड निघेल, पण अशी भिंत आज ना उद्या अंगावर येते. म्हणून पायऱ्या सोडाव्या लागतात. ६ मीटर उंच आणि ६ मीटर रुंद अशी पायरी धरली, तर वर १०० मीटरची असलेली बाजू तळाशी ५२ मीटरच उरते. हाती येतो १,८१,९२० घनमीटर दगड. बाकीचा, म्हणजे शंभरातला जवळपास ३९ भाग, पायऱ्यांतच राहतो.

आता शेजारच्या गटात तेवढीच दुसरी खाण आहे असे समजा. दोन्ही वेगवेगळ्या चालवल्या तर मिळून ३,६३,८४० घनमीटर मिळतात. मधला बांध काढून एकच खाण केली तर ४,०९,९२०. फरक ४६,०८० घनमीटरचा. १०० घनफुटांचा एक ब्रास, या मापाने हा १६,००० ब्रासहून जास्त अखंड दगड झाला आणि त्यासाठी नवी जमीन गुंठाभरही लागली नाही. हे होत का नाही? दोन गट दोन चुलतभावांचे असतात आणि त्यांचा दावा कोर्टात चालू असतो! आपल्याकडे भाऊबंदकीने जेवढा दगड अडवला आहे, तेवढा कोणत्याही कायद्याने अडवला नसेल.

दुसरी गोष्ट थरांची. विहीर खणणारा माणूस भूगर्भशास्त्र न शिकताही सांगतो, की आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. दख्खनचा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, एकावर एक वाहत आलेल्या थरांचा. थराच्या माथ्याशी सच्छिद्र, ठिसूळ मांजऱ्या, पोटात घट्ट काळा दगड, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. खोदता खोदता तो तांबडा पट्टा लागला की ठेकेदार म्हणतो, आता काही उरले नाही. त्या पट्ट्याखाली दुसऱ्या थराचा काळा पाषाण असू शकतो. आहे की नाही, हे खोदाई सुरू करण्याआधी दोन-चार ठिकाणी बोअर घेऊन नमुने काढले तर कळते. शेतकरी विहिरीसाठी पाणाड्याला बोलावतो. खाणीसाठी कोट्यवधींची यंत्रे आणणारे मात्र बोअरच्या खर्चाला हात आखडतात.

आणि जे निघते ते कुठे जाते? रुळांखाली घालायला काळाच दगड हवा. इमारतीच्या काँक्रीटलाही तोच हवा. रस्त्याच्या सगळ्यात खालच्या थराला मात्र तपासून घेतलेला हलका दगड आणि मुरूम चालतो. तरी कितीदा काळा पाषाणच भरावात ओततात, कारण डंपरला ते जवळ पडते. खाणीचे आयुष्य मला विचाराल तर सर्वांत जास्त इथे खर्ची पडते.

क्रशरखाली पडणाऱ्या कचीचे तसेच. दगड जबड्यात चिरडला की बारीक भुकटी होणारच. पूर्वी तिचे डोंगर क्रशरच्या मागे साचायचे. आज तीच कच वेगळ्या यंत्रात एकमेकींवर आपटून तिच्या चपट्या कपच्यांना गोलसर आकार देतात, धुऊन किंवा हवेने फाजील धूळ काढतात आणि तिची वाळू होते. भारतीय मानक ३८३ ची २०१६ ची आवृत्ती दगड दळून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेते. नदीच्या वाळूत ही मर्यादा ३ टक्के आहे. पण न चाळलेली, न धुतलेली कच गोणीत भरून ‘क्रश सँड’ म्हणून विकणारेही आहेत, आणि गिलावा तडकला की दोष गवंड्यावर येतो.

वाळूचे नाव काढले म्हणून नदीबद्दल बोलतो. नदीला मी खाण मानत नाही. खाणीत जे आहे ते एकदाच आहे. नदीत पुरासोबत नवी वाळू येते. म्हणून तिथे किती वाळू आहे हे विचारून भागत नाही, दरवर्षी किती येते हे मोजावे लागते. उजनी, जायकवाडीसारखी धरणे झाल्यावर वरून येणारा गाळ आणि वाळू जलाशयात अडकते. खालच्या घाटांचा लिलाव मात्र जुन्याच अंदाजाने होत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात पाच हेक्टरांखालच्या ठेक्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी वाळू किती भरून येते याचा अभ्यास मागितला. शिवाय सगळ्या नद्यांत सारखी वाळू येत नाही. वैनगंगा आणि कन्हान या नद्यांच्या वाळूला एवढी मागणी का, तर पूर्व विदर्भात ग्रॅनाइटसारखे गारगोटीयुक्त खडक आहेत. आपल्या काळ्या पाषाणात गारगोटी जवळजवळ नाही, त्यामुळे इकडच्या नद्यांकडे तशी वाळू मुळातच कमी.

खाणीचे आयुष्य वाढवणारा एक साठा खाणीबाहेरही आहे. पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहताहेत. त्यांचा राडारोडा रात्री नाल्यात किंवा टेकडीच्या पायथ्याशी ओतला जातो. त्यात खडीच तर असते. जुने काँक्रीट फोडून काढलेली खडी एम २५ या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के वापरायला त्याच मानक ३८३ ची मुभा आहे. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्रीय नियम २०१६ मध्येच आले. पुनर्विकासाच्या करारात आपण पार्किंग मोजून घेतो, कार्पेट एरिया मोजून घेतो; राडारोडा कुठे जाणार, हे कलम त्यात किती जणांनी वाचले आहे?

आता ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या त्यांच्याकडे येतो. खाण लांबवा असे मी म्हणतो, पण कायमची नाही. कुठे थांबायचे, हे पाणी सांगते. पावसाचे साचलेले पाणी उपसणे वेगळे. भर उन्हाळ्यात तळातून झरे फुटायला लागले आणि पंप दिवसरात्र चालवावा लागला, तर ते पाणी गावच्या विहिरींचे असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी आसपासच्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पंपाबरोबर ती घसरत असेल तर परवान्यात वर्षे शिल्लक असोत की खाली काळा पाषाण असो, खोदाई तिथेच थांबवावी.