कार्यकर्त्यांचा प्रमुख कसा असावा?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



'प्रमुख कसा असावा' हा विषय आम्हाला दिला आहे. प्रामाणिक असावा, निर्भय असावा, उत्तम वक्ता असावा ही यादी सर्वांना पाठ आहे. तिने काम अडत नाही आणि पुढेही जात नाही. म्हणून आम्ही सरळ महाडकडे वळतो.

चवदार तळ्याची हकीगत घरोघर माहीत आहे. पण १९२७ सालच्या त्या दोन परिषदांत कोणता शब्द कोणाच्या तोंडून आला, हे भाषणांत सहसा येत नाही. मार्चच्या परिषदेसाठी गावोगाव राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे त्या वेळी जेमतेम चोवीस वर्षांचे होते. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावर राहिला होता. २० मार्चला तळ्यावर जाऊन पाणी पिण्याची सूचना अनंतराव चित्रे यांनी मांडली. पुढे २५ डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. बाबासाहेबांना हे शब्द स्वतः बोलता आले नसते काय? पण सहकाऱ्याने मांडलेली सूचना त्यांनी उचलली आणि लोकांबरोबर स्वतः चालत जाऊन तळ्याचे पाणी प्राशन केले.

'थांबा' हा शब्द मात्र त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकला नाही.

२० मार्चलाच, पाणी पिऊन लोक परतल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली. मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत गेले. आपल्या लोकांत लष्करात नोकरी केलेले कितीतरी होते. डाकबंगल्याशी जमलेला तो संतप्त समुदाय एका शब्दाची वाट पाहत होता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी सर्वांना शांत राहण्यास सांगितले आणि दाद कायद्याने मागितली. हल्लेखोरांपैकी पाच जणांना पुढे शिक्षा झाली.

डिसेंबरचा प्रसंग याहून अवघड होता असे आम्हाला वाटते. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याआधीच, १४ डिसेंबरला, विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने आली होती. कलेक्टर येऊन बोलून गेले. चर्चा मोकळेपणाने झाली आणि बहुतेक प्रतिनिधी हुकूम मोडण्याच्या बाजूचे होते. सर्वांचे ऐकून घेतल्यावर २७ तारखेला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव बाबासाहेबांनी स्वतः मांडला. आपला झगडा सनातन्यांशी आहे, या घडीला सरकारशी दुसरी आघाडी उघडू नये, असा त्यामागचा विचार. घरची भाकरी बांधून आलेल्या माणसाला हे ऐकणे किती जड गेले असेल! तरीही लोकांनी मानले. मग तळ्यापर्यंत मिरवणूक गेली आणि पाण्याला हात न लावता परतली.

लोकांनी का मानले? मार्चमध्ये ते लोकांबरोबर पाण्यावर गेले होते, आणि निर्णयाआधी प्रत्येकाला बोलू दिले होते. शिवाय थांबवून ते घरी बसले नाहीत. तो दावा महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईच्या हायकोर्टात गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, अस्पृश्यांच्या बाजूने. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे. मिरवणुकीचे फोटो लागतात, कोर्टाच्या तारखांचे कोण लावणार?

मंडळांतून आज उलट चित्र पुष्कळदा दिसते. पत्रिकेवर पहिले नाव प्रमुखाचे, ध्वनिक्षेपक त्याच्या हाती, सूचनाही त्याचीच. भांडणाची वेळ आली, की तरुणांना आवरायचे काम मात्र चिटणीसाकडे. सतरंज्या उचलणारा मुलगा दोन वर्षे येतो, तिसऱ्या वर्षी येत नाही. मग 'हल्लीच्या पिढीला तळमळ नाही' असे भाषण होते. तळमळ असते हो! तिला ठराव मांडायला जागा मिळत नाही.

अध्यक्ष महोदय, वेळ संपत आली आहे. जेवणानंतर गट बसतील. प्रत्येक गटात पहिली सूचना वयाने सर्वांत लहान असलेल्या कार्यकर्त्याने मांडावी आणि गटप्रमुखांनी सर्वांच्या शेवटी बोलावे, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो. जयभीम.