फाटकापलीकडचा कपिलेश्वर



कपिलेश्वराविषयी मी, एका जैन डॉक्टराने, बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमची कमल बस्ती किल्ल्यात. तेराव्या शतकाच्या आरंभीची, रट्टांच्या काळातली. माझ्या आजीचे पाय तिकडे वळत. पण दवाखान्यामुळे माझे आयुष्य कपिलेश्वराच्या वाटेवर गेले. बेळगावकर त्याला दक्षिण काशी म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

गावातल्या गल्ल्यांतून देवळाकडे निघाले की मध्ये रेल्वे. पलीकडे शहापूर; संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीकरांचे. म्हणजे रूळ ओलांडला की जवळजवळ राज्यच बदलायचे! फाटक पडले की सायकली, टांगे, हातात बेलाची पाने घेतलेल्या बायका, सगळे थांबत. मालगाडी असली तर बराच वेळ. आम्ही त्या फाटकाला मनसोक्त शिव्या दिल्या. एकदा दम्याचा रुग्ण पलीकडे आणि मी अलीकडे अडकलो होतो. तो वाचला, पण ती दहा मिनिटे मी विसरलेलो नाही. म्हणून उड्डाणपूल झाला तेव्हा मला आनंदच झाला. अनंत चतुर्दशीला निघालेली मिरवणूक आता पुलावरून तलावाकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

आमच्या होमिओपॅथीत दुखण्याआधी माणूस विचारावा लागतो. एक आजी आल्या. झोप नाही, भूक नाही, गुडघे धरलेले. नेहमीप्रमाणे विचारले, "कधीपासून?" म्हणाल्या, "फाटक गेल्यापासून."

मी हसलो. मग लक्षात आले की त्या थट्टा करत नव्हत्या. दर सोमवारी त्या चालत देवळात जात. फाटकाशी चौघी-पाचजणी भेटत. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, सगळे तिथे कळे. मराठी, कानडी, जी जिभेवर येईल ती भाषा. पुलाची चढण त्यांना झेपेना. देऊळ सुटले, त्या मैत्रिणीही सुटल्या.

गुडघ्यासाठी औषध दिले. थोडा उतार पडला, एवढेच.

पूल नको होता असे मी म्हणणार नाही. तो दम्याचा रुग्ण मला आठवतो. पण पायी माणसाचा विचार आपण कोणीच केला नाही, मीही नाही.

गेल्या श्रावणात सोमवारी दवाखाना अर्धा तास लवकर मिटला आणि आजींना गाडीतून दर्शनाला नेले. मी बाहेर तलावाशी थांबलो. परतताना त्या म्हणाल्या, "गाडीतनं देव लवकर येतो हो डॉक्टर. वाटेत कोण भेटत नाही, तेवढंच."