सोय, चैन आणि उधळपट्टी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



निवृत्तीनंतरच्या जीवनावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही काटकसरीवर बोलू असे त्यांनी गृहीत धरले असावे. तसे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ३९ वर्षांच्या सेवेत आमची ख्याती पाठकोऱ्या कागदांवर टाचणे काढणारा आणि खडूचा अखेरचा तुकडाही डबीत जपून ठेवणारा मास्तर अशीच होती. परंतु आज आम्ही दुसरी बाजू मांडणार आहो. पैसा राखावा कसा हे आम्ही लहानपणीच शिकलो. तो खर्चावा कसा हे फार उशिरा शिकलो. त्या उशिराची किंमत आम्ही मोजली आहे. आपणांपैकी कोणास ती मोजावी लागू नये, एवढाच या भाषणाचा हेतू.

आरंभीच सांगतो की, काटकसरीची निंदा आमच्या तोंडून होणार नाही. आम्ही खटाव तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आमचे वय १४ वर्षांचे होते. घरी रेशनची तांबडी मिलो शिजे आणि सुकडीची वाट पाहावी लागे. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. त्या मजुरीतून घर चाले आणि आमची वह्यापुस्तकेही येत. १९७४ साली आम्ही मॅट्रिक झालो. पुढे अध्यापक विद्यालयाची दोन वर्षेही दादांच्याच मनगटावर निघाली. १९७७ साली पाटण तालुक्यातील एका शाळेवर आम्ही रुजू झालो, तेव्हा दादांनी एकच उपदेश केला, “पैसा जपून ठेव. वेळ सांगून येत नाही.” तो उपदेश आम्ही आयुष्यभर पाळला. मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न आणि कराडला दोन खोल्यांचे घर ही सारी त्या उपदेशाचीच फळे होत.

तथापि दादांच्या उपदेशाचे उत्तरार्ध आम्ही ध्यानी घेतले नाही. वेळ सांगून येत नाही म्हणून पैसा जपावयाचा. मग वेळ आली म्हणजे तो काढावयाचा, हे ओघानेच आले. आम्ही मात्र वेळ दारात उभी असताना तिला ओळखले नाही. पेटीची किल्ली हाती होती, पण हात पुढे होईना.

भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत : दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि उपभोगीतही नाही, त्याच्या धनास तिसरी गती ठरलेली. हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल! दानाची थोरवी सांगताना आमचा आवाज चढत असे. भोग हा शब्द मात्र आम्ही खाली पाहून उच्चारीत असू, जणू ते एक पापच होय. वस्तुतः कवीने भोगास नाशाच्या पंक्तीस बसविलेले नाही. योग्य भोग धनाचा नाश टाळतो, असेच त्याचे सांगणे आहे.

आता आमचीच हकीकत सांगतो. २०१६ साली आम्ही सेवानिवृत्त झालो. पुढील दोनतीन वर्षांत आमच्या कानांनी दगा दिला. वार्धक्यात ऐकू येणे कमी होते, ते बहुधा उंच पट्टीच्या ध्वनींपासून. स, श, फ, थ यांसारखी अक्षरे प्रथम निसटतात. म्हणून आवाज तर ऐकू येतो, परंतु शब्द उमगत नाहीत. मग समोरचा पुटपुटतो आहे असे आपण म्हणतो आणि दोष त्याच्या पदरी घालतो. लहान मुलांचे बोलणे तर लवकरच दुरावते. सभेत सारे हसले की क्षणभर मागाहून हसणारे गृहस्थ आपण पाहिले असतील. ती चार वर्षे आम्ही त्यांपैकीच एक होतो.

२०१९ साली चिरंजीवांनी आग्रहाने कानांची तपासणी करविली. दोन्ही कानांस श्रवणयंत्रे लावावीत, असा सल्ला मिळाला. खर्च ४८ हजार रुपये. त्या वेळी आमच्यापाशी ५० हजारांची एक मुदत ठेव होती. ‘अडीअडचणीस’ म्हणून राखलेली. आम्ही म्हणालो, “या वयात आता नवीन काय ऐकावयाचे राहिले आहे?” मंडळी हसली, आम्हीही हसलो आणि विषय संपला. त्यानंतर दूरध्वनीवर मुलांना ओरडून बोलावे लागे. नातू आपल्या आईस सांगताना आमच्या पत्नीने ऐकले, “आजोबांना गोष्ट सांगायची नाही, त्यांना दोनदा सांगावी लागते.” तरीही ती ठेव मोडावी असे आमच्या मनात आले नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात दादा आजारी पडले. आम्ही गावी गेलो. दादा अगदी थकले होते, आवाज क्षीण झाला होता. वहिनी चहा आणावयास आत गेल्या, तेव्हा दादांनी आम्हांस जवळ बोलाविले, आमचा हात हाती घेतला आणि काहीतरी सांगू लागले. चार-पाच वाक्ये असतील. आम्हांस आवाज येत होता, शब्द येत नव्हते. “दादा, पुन्हा सांगा,” असे म्हणण्याचा धीर झाला नाही. त्यांना श्रम होतील असे वाटले. खरे सांगावयाचे तर लाजही वाटली. आम्ही मान हलवीत राहिलो आणि अखेर म्हणालो, “होय दादा.” त्यांच्या मुखावर समाधान दिसले. चौथ्या दिवशी ते गेले.

आम्ही कशास होकार दिला, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. वहिनींना विचारले, पुतण्यांना विचारले. कोणास काही माहीत नाही. ज्यांनी खडी फोडून आम्हांस अक्षरे शिकविली, त्यांची अखेरची अक्षरे आम्ही ४८ हजार रुपये वाचविण्यासाठी गमावली. ती अडचण नव्हती तर दुसरी कोणती अडचण येण्याची आम्ही वाट पाहत होतो?

पुढल्या महिन्यात ती ठेव मोडून यंत्रे घेतली. प्रारंभी फार त्रास झाला. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी खडखडाट होई आणि कुकरची शिट्टी तर मस्तकात जाई. कानांना आणि मेंदूला सवय होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून यंत्र पेटीत न ठेवता रोज लावावे, असे आम्हांस सांगण्यात आले आणि ते खरे ठरले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी, परंतु ज्यांवर उपाय करता येतो अशी १२ कारणे दिली आहेत. त्यांत कमी ऐकू येणे हेही एक आहे. तेव्हा ही नुसती सोय आहे असेही कोणी समजू नये.

या अनुभवानंतर आम्ही उभयतांनी खर्चाच्या तीन कसोट्या ठरविल्या आहेत. त्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली कसोटी अशी की, या खर्चाने शरीराचे गेलेले बळ परत येते का, किंवा असलेले टिकते का? कान, डोळे आणि दात यांवरील खर्च या सदरात येतो. न्हाणीघरात भिंतीला धरावयाची दांडी, पाय न घसरणारी फरशी, उंच बैठकीचा संडास आणि रात्री पायाशी जळणारा लहानसा दिवा यांस फार पैसे पडत नाहीत. पडून मांडीचे हाड मोडले तर मात्र पैसाही जातो आणि हिंडणेफिरणेही जाते.

दुसरी कसोटी अशी की, हा खर्च आपणांस माणसांत नेतो का? आमची कन्या नागपुरास असते. कराडहून महाराष्ट्र एक्सप्रेसने सुमारे एका दिवसाचा हा प्रवास. पूर्वी आम्ही साध्या शयनयान डब्यातून जात असू. मिळेल त्या बाकावर चढावे, थंडीवाऱ्यात रात्र काढावी आणि आंबलेल्या अंगाने उतरावे, असा क्रम असे. पाच दिवसांच्या मुक्कामातले दोन दिवस अंथरुणात जात. मार्च २०२० मध्ये रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत बंद झाली, तेव्हा आम्ही नागपूरचे जाणेच आखडते घेतले होते. आता पूर्ण भाडे भरून, वातानुकूलित डब्यात खालचे बाक मागून घेऊन जातो. भाडे अधिक पडते हे खरे. परंतु मुलीच्या घरचे पाचही दिवस आमच्या पदरात पडतात. भाड्यातले रुपये वाचवून आम्ही लेकीचे दोन दिवस गमावीत होतो, हा हिशेब गणिताच्या मास्तरास इतक्या उशिरा कळावा!

तिसरी कसोटी आम्हांस पत्नीने शिकविली. हा खर्च कोणाच्या श्रमांच्या जागी येतो, हे पाहावे. आम्ही मोठ्या उदारपणे कपडे धुण्याचे यंत्र आणावयास निघालो होतो. पत्नी म्हणाली, “मला यंत्र नको. संध्याकाळच्या भाकरीला एक बाई लावा. सहा वाजता देवळात भजन असते. चाळीस वर्षे त्याच वेळी मी तव्यापुढे उभी आहे.” बंधूंनो, चाळीस वर्षे आम्ही त्या गरम भाकरीचे कौतुक करीत होतो, आणि त्या वेळी तिचे मन कोठे असते हे एकदाही विचारले नव्हते. आता संध्याकाळी बाई येते. भाकरी पूर्वीसारखी होत नाही, हे आम्ही कबूल करतो. परंतु भजनाहून परतताना घरात जे प्रसन्न मुख येते, ते आमच्या घरास पूर्वी ठाऊक नव्हते. घरातील काटकसर पुष्कळदा स्त्रियांच्या अंगमेहनतीवर उभी असते आणि श्रेय पुरुष घेतात. आपापल्या घरी याचा विचार व्हावा.

या तीनही कसोट्यांत जे बसत नाही, ते बहुधा लोकांनी पाहावे म्हणून केलेले असते. शेजाऱ्याहून मोठा दूरदर्शन संच, दोन माणसांच्या घरात सहा माणसांचा सोफा, नातवाच्या बारशाला हजार पाने ही उधळपट्टी होय. मौज अशी की, कानाच्या यंत्रास पैसा नाही म्हणणारे आपण कार्यप्रसंगी मात्र हात आखडत नाही.

आता प्रश्न उरतो पैशाचा. आम्हांस निवृत्तिवेतन आहे. सर्वांस ते नसते याची आम्हांस जाणीव आहे. कर्ज काढून किंवा घर गहाण ठेवून सोयी कराव्यात, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमची रीत साधी आहे. २०२३ साली आम्ही ५ लाख रुपये टपाल कचेरीत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. शेकडा ८.२ दराने दर तिमाहीस १०,२५० रुपये व्याज येते. ती रक्कम सोयीसाठी वेगळी काढलेली आहे. मुद्दलास हात लावावयाचा नाही आणि व्याज साठवावयाचे नाही, असा नेम आम्ही केला आहे. ज्याची ठेव लहान त्याची सोयही लहान असेल. परंतु दांडी आणि दिवा बहुतेकांच्या आटोक्यात आहेत. आजारपणाच्या भीतीने हात आखडणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्यांस, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. ते योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांतच मिळते. म्हणून कार्ड आधीच काढून ठेवावे आणि जवळची रुग्णालये पाहून ठेवावीत.

‘मुलांसाठी राहू दे’ असे आपण म्हणतो. चिरंजीवांस आम्ही एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बाबा, तुमची ठेव मला नंतर मिळण्यापेक्षा तुमच्याशी आज हळू आवाजात बोलता आले, हे मला जास्त आहे.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

शेवटी मंडळास एक विनंती. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. त्याच दिवशी ज्येष्ठ सभासदांच्या कानांची तपासणीही ठेवावी. दादांच्या स्मरणार्थ आम्ही या कामी ११ हजार रुपये मंडळाच्या स्वाधीन करीत आहो. दान आणि भोग या दोन्ही गती त्यात साधतील. दादांनी आमच्याजवळ काय मागितले असेल ते आम्हांस कळणार नाही. तपासणीनंतर एखाद्या सभासदास आपल्या माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू आले, तर दादांना दिलेल्या होकारातील काही अंश पाळला, असे आम्ही समजू.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आणि आम्हांसही आज सभागृहातील शांतता ऐकू आली.