किल्ल्याच्या खंदकातील श्रमदान

(राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रमाधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या फौजांनी निजामाचा पराभव केला, ही उदगीरची इतिहासातील ओळख होय. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले. अशा गावच्या भुईकोट किल्ल्याची निगा तरुणांनी आपली मानावी, ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न आहे तो ती निगा कशी राखावी, हा.

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात झाला. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी व सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी तिची रचना आहे. सात दिवस थोडे नव्हेत. मात्र उद्घाटन, सत्कार आणि छायाचित्रे यांतच त्यांतील पुष्कळ वेळ खर्ची पडतो. गाडगेबाबांचा क्रम याच्या उलट होता. आधी खराट्याने गाव झाडले जाई, कीर्तन रात्री होई.

जुन्या किल्ल्यातील सफाई रस्त्याच्या सफाईसारखी नसते. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे बी तटाच्या सांध्यात रुजते आणि मुळे चुन्याच्या दर्जात शिरतात. असे झाड चार तरुणांनी जोर लावून उपटले, तर मुळाबरोबर चिराही निखळतो. हौसेने केलेली ही नासाडी उपेक्षेने होणाऱ्या नासाडीहून अधिक वेगाने होते. सिमेंटचे लिंपण करणेही घातक. त्यामुळे ओल आत कोंडते व दगड झिजतो. शिलालेखांचे दगड तर घासूच नयेत. म्हणून संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि विभागाच्या जाणकाराला पहिल्या दिवशीच बोलवावे. सापडलेले खापर, नाणे किंवा घडीव दगड जागचा हलवू नये.

मग तरुणांनी करावे काय? करण्याजोगे पुष्कळ आहे. खंदकातील प्लास्टिक व काचा वेचणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, पावसाळ्यानंतर वाळलेले गवत उन्हाळ्यातील वणव्यापूर्वी कापणे, ही कामे निर्धोक आहेत. अर्थात हातमोजे हवेत आणि सापाकिरड्यांची खबरदारीही. कचरा तेथेच पेटविण्याचा मोह मात्र टाळावा, कारण धुराने दगड काळवंडतो आणि जळत्या प्लास्टिकचा विषारी धूर वेचणाऱ्यांच्याच छातीत जातो.

राज्याने मार्च २०१८ मध्ये अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, तरी वेचलेल्या ढिगाचे करायचे काय, हा प्रश्न शिबिराच्या दारात उभा राहतोच. शहरात नगर परिषदेची गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे शिबिराची तारीख ठरण्यापूर्वी निश्चित व्हावे. खेड्यात ही जबाबदारी ग्रामपंचायतीची. तिच्या बैठकीत हा विषय शिबिरापूर्वी यावा आणि शिबिरानंतरच्या महिन्यात पुन्हा एकदा यावा.