संबळ आणि चार भिंती

धाराशिव जिल्ह्यात छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ थाटणाऱ्याची पहिली परीक्षा संबळ घेतो. हा तुळजाभवानीचा जिल्हा. दाराशी येणारा संच बहुधा गोंधळ्यांचा वा आराध्यांचा. उघड्या अंगणासाठी घडलेले हे वाद्य लहानशा खोलीत कडाडले, की तुणतुण्याची एकुलती तार पार बुडून जाते. मग सोपा मार्ग म्हणून प्रत्येकाला वेगवेगळे मुद्रित करून संगणकावर जोडले जाते. आवाज स्वच्छ येतो, गोंधळ हरवतो. प्रमुख गोंधळी कथा कुठे थांबवील, हे आधी ठरलेले नसते. त्याच्या नजरेवर साथीदार झील धरतो, संबळवादक लय चढवतो. कानात ठोक्यांचे यंत्र लावून हे कसे साधावे? त्यापेक्षा संबळ कोपऱ्यात, भोवती गोधड्या टांगलेल्या, तुणतुण्याला अगदी जवळ ध्वनिग्राहक, आणि सारे एकमेकांना दिसतील असे उभे. मुद्रण एकाच वेळी. एकाचा आवाज दुसऱ्यात थोडा मिसळतो. मिसळू द्यावा!

६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांत संपे. रात्रभराचे आख्यान तिच्यात मावणार कसे? संगणकाला ती अडचण नाही. तरीही मागणी चार-पाच मिनिटांच्या गीताचीच. संपूर्ण आख्यान मुखोद्गत असलेले वृद्ध गोंधळी आज भेटतात, तोवर स्टुडिओवाल्यांनी एकेक रात्र त्यांच्यासाठी विनामूल्य राखून ठेवावी.